तालुक्याच्या गावात दरवर्षीचा लोकसंगीत मेळा: तारीख, साउंड, मांडव, वीज यांचं गणित कसं बसवावं?

बाजारतळ_बीड

नमस्कार मंडळी. बीड जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव आहे, वस्ती वीस-बावीस हजारांची. दोन संध्याकाळचा लोकसंगीत मेळा सुरू करायचं ठरतंय आणि तो एकदाच होऊन बंद पडायला नको आहे. गोंधळ, आराधी गाणी, भारूड, शाहिरी आणि शेवटाला हलगी-संबळ असा बेत आहे. पोलंडमध्ये म्रांगोवो नावाचं साधारण आमच्याएवढंच गाव आहे. तिथं गेली चाळीसेक वर्षं जुलैअखेर कंट्री संगीताचा (अमेरिकेतल्या ग्रामीण ढंगाच्या गाण्यांचा) मेळा भरतो आणि बाहेरगावचे लोक मुक्कामाला येतात. तिथं जमतं तर इथंही जमावं.

जागा म्हणजे बाजारतळ, ५० मीटर रुंद आणि ९० मीटर लांब. एका लांब बाजूला वस्ती आहे, दुसरीकडे दुकानं. माणसं दीड हजार धरली आहेत. गावात अशा कार्यक्रमांना नेहमी एकच तक्रार येते: पुढच्यांचे कान बसतात, मागच्यांना तुणतुणं ऐकूच येत नाही आणि माईक मध्येच शिट्टी मारतो.

तारीख कोणती धरावी? स्टेज कुठे, स्पीकर किती, जनरेटर केवढा, परवानग्या कोणत्या? ज्यांनी ही कामं केली आहेत त्यांनी आकड्यांसकट सांगावं.

---

झाडाखालचा_श्रोता

म्रांगोवोचं उदाहरण चांगलं घेतलंत, पण तिथून काय उचलायचं आणि काय सोडायचं ते आधी बघा.

तिथला मेळा त्चोस नावाच्या तळ्याकाठच्या खुल्या रंगमंचावर होतो. बसायच्या पायऱ्या चढत जातात, त्यामुळे मागच्यालाही गाणारा दिसतो आणि आवाजाच्या वाटेत माणसांची डोकी येत नाहीत. फ्रान्समध्ये क्रापोन-सूर-आर्झों हे त्याहून लहान गाव, वस्ती दोन हजारांच्या आसपास. तिथं १९८८ मध्ये कंट्री संगीताचा मेळा सुरू झाला आणि पुढे बरीच वर्षं जुलैअखेर भरत राहिला. दोन्हीकडे तारीख आणि जागा ठरलेली. गावाला या गोष्टीचा सगळ्यात जास्त उपयोग होतो. लोकांना पुढच्या वर्षीची तारीख आजच माहीत असते, कलावंत ती सुपारी आधीच धरून ठेवतात, मांडववाल्याला जागेची मापं पाठ होतात. दरवर्षी 'पाहुण्यांची तारीख मिळाली की कळवतो' असं चाललं, तर तिसऱ्या वर्षी मेळा राहत नाही, नुसता कार्यक्रम उरतो.

सोडायची गोष्ट म्हणजे जुलै. म्रांगोवोत जुलैअखेर सूर्य पावणेनऊच्या सुमारास मावळतो, हवा कोरडी नसली तरी सुखाची असते. आपल्याकडे त्या दिवसांत पेरण्या झालेल्या असतात आणि बाजारतळावर चिखल असतो.

आणखी एक गोष्ट उचलण्यासारखी आहे. कंट्री संगीतावर लोक रांगा करून, एकाच दिशेला तोंड करून नाचतात, जोडीदार लागत नाही. त्यासाठी लाकडी फळ्यांची जागा वेगळी केलेली असते. आपल्याकडे हलगी सुरू झाली की पोरं स्टेजसमोर येतात, बसलेल्या बायकांना काही दिसत नाही आणि तिथून भांडण लागतं. त्यांना अडवत बसू नका. स्टेजच्या दुकानांकडच्या अंगाला ८ बाय ६ मीटर जागा पाणी मारून, धुम्मस करून पक्की करा, दोरी बांधा आणि तिथं एक छोटा स्पीकर द्या.

जाता जाता: जाहिरातीत 'बँजो' शब्द जपून वापरा. आपल्या बँजो पार्टीतला बँजो म्हणजे बटणं दाबून वाजवायचा बुलबुल तरंग. कंट्रीतला बँजो गोल, कातड्याने मढवलेल्या तोंडाचा, पाच तारांचा, आणि त्याची पाचवी तार आखूड, मधूनच सुरू होते. घराणं पाहिलं तर तो तुणतुण्याला जवळचा: तार ओढली की कातडं बोलतं. म्हणूनच त्यांच्या आणि तुमच्या साउंडची अडचण सारखीच आहे.

---

लाइनमन_जालना (साउंडचं काम)

अडचण तीच आहे, बरोबर. तंतुवाद्यं हळू बोलतात आणि शेजारी संबळ-झांज उभी असते. त्यावर लोक उपाय काय करतात, तर सगळंच वाढवतात. मग पुढच्यांचे कान बसणारच.

आधी माणसं बसवा. सतरंजीवर मांडी घातलेल्या माणसाला अर्धा-पाऊण चौरस मीटर लागतो. दीड हजार माणसं म्हणजे वाटा धरून १२०० चौरस मीटर. ३० मीटर रुंदी घेतलीत तर ४० मीटर खोलीत सगळे मावतात. ९० मीटर मैदान आहे म्हणून ९० मीटरवर माणूस बसवायचा नाही. मागची अर्धी जागा खाणं, पाणी आणि गाड्यांना द्या.

स्टेज अरुंद बाजूला घ्या. स्पीकरची तोंडं लांबीच्या दिशेला राहू द्या आणि दोन्ही जोड्या थोड्या आत वळवा, म्हणजे वस्तीच्या भिंतीवर सरळ मारा होत नाही.

आता हिशेब. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने पडतो. स्पीकरपासून ४ मीटरवर १०० असेल, तर ८ वर ९४, १६ वर ८८, ३२ वर ८२. पुढे-मागे १८ चा फरक. तो पुढचा आवाज वाढवून भरून निघत नाही. २५ मीटरवर दुसरी जोडी लावा आणि पुढच्या जोडीचा आवाज कमी करा. दोन्ही जोड्या ३ मीटर उंचीवर, खाली किंचित झुकवून. स्टँडच्या पायांवर वाळूची पोती हवीतच.

दुसऱ्या जोडीला डिले द्यावा लागतो, म्हणजे तिचा आवाज मुद्दाम किंचित उशिरा सोडायचा. तो नसला तर मागच्या माणसाला जवळच्या स्पीकरचा शब्द आधी येतो आणि स्टेजचा तोच शब्द नंतर, आणि भारूडातलं एकही वाक्य कळत नाही. पंचवीस-तीस अंश तापमानात आवाज सेकंदाला सुमारे ३४७ मीटर जातो. २५ मीटरला ७२ मिलिसेकंद लागले. त्यात १२ मिळवा आणि ८४ ठेवा. ते १२ यासाठी की स्टेजचा आवाज कानाला आधी लागावा. मग मागची जोडी चालू असूनही आवाज गाणाऱ्याच्या तोंडून येतोय असंच वाटतं. बरोबर बसलं की नाही ते बघायला स्टेजवर एकाने काठीवर काठी मारायची आणि तुम्ही ३० मीटरवर उभं राहायचं. दोन टक् ऐकू आले तर आकडा चुकलाय.

माईक असे:

संबळाला दोन, दोन्ही तोंडांना एकेक, कातड्यापासून चार-सहा इंच, काठाकडे तिरके. त्याचा मूळ आवाजच मोठा आहे, मेनमध्ये (लोकांकडच्या स्पीकरमध्ये) अगदी थोडा द्या.

हलगी चार-पाच असतील तर प्रत्येकीला माईक देऊ नका. समोर मीटरभर अंतरावर, डोक्याच्या उंचीला एकच पुरतो.

तुणतुण्याला स्टँडचा माईक कामाचा नाही, वाजवणारा हलतो. छोटा क्लिपचा माईक वाद्याच्या उघड्या तोंडाच्या काठाला चिमटवा, आत घालू नका. आत घातला की घुमतो.

झांज सगळ्यांच्या माईकमध्ये शिरते. तिला माईक नकोच. गाणाऱ्याच्या माईकची पाठ जिकडे असेल तिकडे झांजकऱ्याला उभं करा.

शिट्टी येते ती मॉनिटरच्या, म्हणजे गाणाऱ्याकडे तोंड केलेल्या स्टेजवरच्या स्पीकरच्या जागेमुळे. साधा कार्डिऑइड (मुख्यतः समोरून ऐकणारा) माईक बरोबर पाठीमागे बहिरा असतो, म्हणून मॉनिटर त्याच्या सरळ मागे. सुपरकार्डिऑइड असला तर तो मागे थोडं ऐकतो आणि तिरक्या बाजूंना बहिरा असतो, म्हणून मॉनिटर मागून डावी-उजवीकडे. ऑपरेटर माईक बदलतो आणि मॉनिटर तिथंच ठेवतो. बारीक शिट्टी बहुतेक २ ते ४ हजार हर्ट्झमध्ये असते, घुमणारी २५०-४०० मध्ये. गाण्याच्या प्रत्येक माईकला १२० हर्ट्झचा लो-कट (त्याखालचा घुमारा कापणारं बटण) चालू ठेवा आणि न वापरातले माईक बंद. गोंधळ्यांना मॉनिटरची सवय नसते, दोन पुरे आणि तेही हळू.

रात्रीचं एक ध्यानात घ्या. दिवसा जमीन तापलेली असते, आवाज वर वळतो. आभाळ निरभ्र असलं की सूर्य मावळल्यावर जमिनीलगतची हवा आधी गार होते, वरची उबदार राहते आणि आवाज खाली वाकून लांब जातो. संध्याकाळी सहाला जी पातळी कुणाला खटकत नाही, तीच साडेनऊला पलीकडच्या वाडीत स्पष्ट ऐकू जाते. म्हणून साउंड चेकचा आकडा रात्री तसाच ठेवायचा नाही. नऊनंतर बास तीन-चार डेसिबल खाली.

---

मांडव_परळी

वीज आणि स्टेजचं मी सांगतो.

स्टेज २४ बाय २० फूट, उंची साडेतीन फूट, वर १८ मिलिमीटर प्लाय. खाली टेकू चार-चार फुटांवर हवेत. गोंधळी आणि हलगीवाले एकाच ठेक्यात पाय मारतात. टेकू लांब असले की प्लाय ड्रमसारखा वाजतो आणि ती धडधड स्टँडमधून थेट माईकमध्ये चढते. वरून जाड सतरंजी अंथरा, माईक स्टँडखाली रबराचा तुकडा.

लोड बघा: साउंड ६ ते ८ किलोवॅट, स्टेजचे एलईडी दोन-अडीच, मैदानाचे दिवे एक. मिळून १२ किलोवॅटच्या आत. ०.८ ने भागलं की १५ केव्हीए. २५ केव्हीएचा सायलेंट सेट घ्या, अर्ध्या लोडवर ताशी ३-४ लिटर डिझेल जातं. एका रात्रीला ४० लिटर आधीच भरून ठेवा. चालू सेटमध्ये डिझेल ओतायचं नाही. खाण्याच्या गाड्यांना यातून लाइन देऊ नका. एकाने शेगडीचं कॉइल लावलं की सगळं खाली बसतं.

तीन फेजवर सगळ्यात वाईट काय होतं तर न्यूट्रल सुटतो. ढिला जोड, गाडीखाली आलेली केबल, काहीही कारण पुरतं. न्यूट्रल गेला की ज्या फेजवर लोड कमी त्या फेजचं व्होल्टेज २३० वरून तीनशेच्या पुढे चढतं आणि अँप-मिक्सर जळतात. म्हणून न्यूट्रलचा जोड पिळून चिकटपट्टी लावलेला चालत नाही, लग (तारेच्या टोकाची धातूची टोपी) लावून नटाने आवळलेला पाहिजे. काहीही जोडण्याआधी प्रत्येक सॉकेटला मीटर लावून २३० बघा. साउंड एका फेजवर, दिवे दुसऱ्यावर. स्टेजच्या बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) घाला. ओल्या सतरंजीवर अनवाणी उभा असलेला माणूस लोखंडी माईक धरतो, हे कायम डोक्यात असू द्या.

स्पीकरमध्ये हम् आला की पोरं प्लगची अर्थची पिन काढतात. जीव जाईल, काढू देऊ नका. हम् घालवायला डीआय बॉक्सचा (वाद्य आणि मिक्सरमधल्या लाइनवरच्या डबीचा) ग्राउंड लिफ्ट असतो, तो फक्त त्या लाइनचा अर्थ तोडतो.

छत कापडी असेल तर बाजूचे पडदे ओढगाठीने बांधा, एका झटक्यात सुटले पाहिजेत. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की कापडावरचा जोर चौपट होतो. प्रत्येक खांबापाशी एक माणूस नेमा आणि पडदे सोडायचे कधी, हे ठरवणारा माणूस एकच ठेवा.

---

कार्तिक_की_चैत्र (लातूर)

तारखेचं कुणी बोललं नाही आणि बीड जिल्ह्यात तोच कळीचा प्रश्न आहे.

थंडीत घ्या असं सगळे सुचवतील. हवा छान, पाऊस नाही. अंबाजोगाईचा यशवंतराव चव्हाण स्मृती समारोह नोव्हेंबरअखेर होतो आणि तो उत्तम चालतो. पण त्याचा श्रोता वेगळा आहे. तुमचा श्रोता वाड्या-तांड्यांवरचा. दिवाळीच्या आगेमागे ऊसतोड टोळ्या कारखान्यांवर जातात त्या मार्च-एप्रिलपर्यंत. डिसेंबरात गोंधळ ठेवलात तर ज्यांच्या घरचा गोंधळ आहे तीच माणसं गावात नसतील. शिवाय मार्गशीर्षात माळेगावची खंडोबाची यात्रा, वाघ्या-मुरळी आणि कितीतरी कलावंत तिकडे. फेब्रुवारी-मार्चमध्ये बारावी-दहावीच्या परीक्षा, तेव्हा लाउडस्पीकर नकोच.

माझ्या मते चैत्र. त्यातही चैत्र पौर्णिमा टाळा, तेव्हा आराधी येरमाळ्याला येडेश्वरीच्या यात्रेत असतात. पौर्णिमेनंतर अक्षय्य तृतीयेपर्यंत अठरा दिवसांची फट मिळते. त्यातला पहिला शनिवार-रविवार कायमचा धरा. कॅलेंडरची तारीख दरवर्षी बदलेल, पण 'चैत्र पुनवेनंतरचा पहिला शनिवार' हे गावाला सांगावं लागत नाही, तोंडी राहतं.

त्याची किंमतही आहे. एक, वळवाचा पाऊस, वादळ, कधी गारा. मांडव_परळींनी सांगितलेले पडदे तेव्हाच लागतात. दोन, लग्नसराई. मांडव, जनरेटर, आचारी सगळे महाग, तीन महिने आधी बयाणा द्या. तीन, पाणी. दीड हजार माणसांना माणशी दोन लिटर पिण्याचं, म्हणजे रात्रीला तीन हजार लिटर. ५००० लिटरचा टँकर दुपारीच सावलीत उभा करा. चार, पुनवेनंतर चंद्र रोज उशिरा उगवतो, गाड्या लावायच्या जागेत अंधार असतो. तिथं दोन दिवे पाहिजेत.

---

अर्ज_विनंती

परवानग्यांचं थोडक्यात. जागेसाठी नगरपंचायतीचं ना-हरकत, पोलीस ठाण्यात नकाशासह अर्ज, लाउडस्पीकरची परवानगी. पावती फाडून वर्गणी घेणार असाल आणि संस्था नोंदलेली नसेल तर धर्मादाय आयुक्त कार्यालयातून कलम ४१-क ची परवानगी. तीस दिवस आधी सुरुवात करा.

२००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद. वर्षातले १५ दिवस १२ पर्यंत सूट देता येते, पण त्यातले बहुतेक गणपती, नवरात्र असल्या सणांतच संपलेले असतात. त्या भरवशावर कार्यक्रम आखू नका. एप्रिलमध्ये सूर्य पावणेसातला मावळतो. ७ ते ९:५० एवढाच वेळ धरा. ४० मिनिटांची तीन पथकं, मध्ये प्रत्येकी पंधरा मिनिटं अदलाबदल, उरलेली वीस मिनिटं दिवा लावणं आणि सत्कार. सत्काराला पाचपेक्षा जास्त नारळ ठेवलेत की शाहिराचा वेळ जातो.

मर्यादा: जागेच्या हद्दीवर त्या भागाच्या ठरलेल्या पातळीपेक्षा १० डेसिबल जास्त किंवा ७५, यांतलं जे कमी ते. रहिवासी भागाची दिवसाची पातळी ५५, म्हणजे हद्दीवर ६५. व्यापारी भागाची ६५, म्हणजे ७५. तुमची एक बाजू वस्तीची आहे, तिकडे ६५ धरा. रुग्णालय, शाळा, न्यायालयापासून १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र जाहीर केलेलं असू शकतं, बाजारतळ त्यात येतो का ते आधी मोजा.

पारंपरिक गोंधळगीतांना कुणाचा परवाना लागत नाही. मध्यंतरात पेनड्राइव्हवरून सिनेमाची गाणी लावलीत तर लागतो. लावूच नका, वाद्यं जुळवतानाचा आवाज लोकांना ऐकू द्या.

---

ओढ_आणि_शाई (परभणी, चर्मवाद्यं)

वाद्यांसाठी स्टेजमागे जागा कुणी ठेवत नाही, ती ठेवा. १० बाय १० फूट, आडोसा, एक बाकडं, एक दिवा.

हलगी शेकावी लागते. कातडं हवेतला ओलावा पितं, सैल पडतं आणि 'टण्' ऐवजी 'थप्' येतं. शेकोटी मांडवापासून २० मीटर लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला, शेजारी दोन बादल्या वाळू. कागद किंवा वाळलेल्या काड्यांचा जाळ बरा, लाकडाचा मोठा जाळ नको. हलगी जाळावरून फिरती ठेवायची आणि बोटाने टिचकी मारत बघायचं. एका जागी धरली की कातडं तिथं करपतं आणि पुढच्या थापेला फाटतं. शेकल्यावर सूर किती टिकेल ते हवेवर, पण पंधरा-वीस मिनिटांच्या आत स्टेजवर जायला पाहिजे. म्हणून आधीच्या पथकाची शेवटची दहा मिनिटं राहिली की हलगीवाल्यांना निरोप द्या, त्याआधी नको.

भारुडाला पखवाज असेल तर धुमाला (डाव्या, खर्जाच्या तोंडाला) कणीक लागते. भिजवलेली कणीक ओल्या फडक्यात झाकून ठेवा. एप्रिलच्या हवेत ती लवकर वाळते आणि वाळली की खर्ज जातो.

तुणतुण्याची खोड वेगळी आहे. गारव्याने नुसती तार आखडते आणि सूर चढतो. पण तुणतुण्याची तार बुडाच्या कातड्यालाच बांधलेली. कातडं ओलावलं की ते सैल होतं, तारही ढिली पडते आणि सूर उतरतो. पेटी मात्र आहे तिथंच राहते. त्यामुळे सात वाजता पेटीला जुळवलेलं तुणतुणं नऊला बेसूर वाटतं आणि दोष गाणाऱ्याला मिळतो. प्रत्येक पथकाआधी पेटीच्या सुरावर खुंटी फिरवून घ्या. त्या पंधरा मिनिटांतली तीन मिनिटं यालाच द्या. वर बँजोचा विषय निघालाच आहे: त्यालाही हाच त्रास होता, म्हणून आता बहुतेक बँजोंवर प्लॅस्टिकचं पान असतं. तुणतुण्याला ते लावू नये, आवाज पत्र्यासारखा येतो.

---

बाजारतळ_बीड

फार मोलाची माहिती दिलीत सगळ्यांनी. तारीख चैत्र पुनवेनंतरचा पहिला शनिवार, ही गोष्ट मंडळींना लगेच पटली. लाइनमन दादा, दोन शंका. इथल्या साउंडवाल्याकडे साधा मिक्सर आहे, त्यात डिले नाही. आणि गोंधळी एका जागी उभे राहून गात नाहीत. नाईक (मुख्य गोंधळी) फिरतो, हात वाद्यात असतात. त्याला माईक कसा द्यायचा?

---

लाइनमन_जालना

मिक्सर साधा असला तरी चालेल. मिक्सर आणि मागच्या जोडीचा अँप यांच्या मध्ये स्पीकर प्रोसेसर लावा, त्यात डिले असतो. भाड्याने सहज मिळतो. मागच्या जोडीची लाइन मेनवरून घेऊ नका, वेगळ्या ऑक्सवरून (मिक्सरच्या जादा आउटपुटवरून), पोस्ट-फेडर (माईकचा आवाज कमी-जास्त केला की सोबत बदलणारी) घ्या, म्हणजे ती हळू-मोठी स्वतंत्र करता येते. स्टेजपर्यंतची केबल बॅलन्स्ड एक्सएलआर (तीन पिनांची, बाहेरची खरखर न घेणारी). मोनो जॅकची लांब केबल टाकली तर दिव्यांच्या डिमरची खरखर त्यात येणार.

नाईकाला डोक्याचा कॉर्डलेस माईक. माईकची बोंडी ओठांच्या कोपऱ्यापासून दोन बोटं, समोर नाही, समोर ठेवली की 'प' आणि 'फ' ला फटके बसतात. फेटा आधी बांधून घ्यायचा, मग माईक. उलट केलं की फेट्याचा पदर बोंडीवर घासतो. हा माईक सगळीकडून ऐकतो, त्यामुळे शिट्टी लवकर मारतो. नाईकाने स्पीकरच्या पुढे यायचं नाही, त्यासाठी सतरंजीवर पांढऱ्या पट्टीने रेघ मारा आणि ती त्याला उजेडी दाखवा. रिसीव्हर (कॉर्डलेसचा आवाज पकडणारी डबी) स्टेजच्या कडेला, माणसाच्या उंचीवर. ४० मीटर मागे मिक्सरपाशी ठेवला तर मध्ये दीड हजार माणसं येतात आणि शब्द तुटतात. सेल प्रत्येक पथकाआधी नवीन घाला, अर्धे उरले असले तरी. काढलेले सेल टॉर्चला वापरा.

बाकीच्या झिलकऱ्यांना (मागे सूर धरणाऱ्यांना) एक स्टँडचा माईक दोघांत, छातीच्या उंचीला, वर तोंड करून.